आमची वाटचाल : बैलांच्या कोठ्यापासून वाफेच्या गाडीपर्यंत

दारव्हा तालुक्यातील आमच्या वावरात वडिलांच्या काळातील तीन बांधकामे उभी होती : बैलांचा कोठा, कापसाची खोली आणि कुटाराची म्हणजे गुरांच्या भुशाची खोली. बैलजोडी गेली, कापूस वेचणीनंतर थेट जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, जाऊ लागला आणि फुटक्या कवेलूंतून गळून भिंती खचू लागल्या. शकुंतला या आमच्याकडच्या छोट्या रेल्वेचे वाफेचे इंजिन 1994 साली सेवेतून काढले गेले, तेव्हा मी शाळेत होतो. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरच्या त्या 762 मिलिमीटर गेजच्या (म्हणजे दोन रुळांमधील अंतराच्या) गाडीची आठवण मनात ठेवूनच मी या जागेत सव्वासात इंची गेजची, माणसांना बसवून नेणारी वाफेची छोटी गाडी सुरू केली.

कोठ्यात इंजिन शेड झाली, कापसाच्या खोलीत डबे उभे राहू लागले आणि कुटाराच्या खोलीत कोळसा आला. गव्हाणीच्या दगडी चौथऱ्यावर जुना लेथ बसवला. तो चालवणारे मिस्त्रीकाका जिनातून निवृत्त झालेले फिटर होते. दोन रुळांत बरोबर बसणारी पोलादी गेजपट्टी त्यांनी स्वतः घासून तयार केली. रूळ एकमेकांना जोडणाऱ्या फिशप्लेटचा एकही बोल्ट ते ती पट्टी फिरवल्याशिवाय पक्का करू देत नसत. ती आजही शेडच्या दारामागे टांगलेली आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही जवळजवळ बुडालो. रुळांचे काम घेतलेल्या कंत्राटदाराला काळी माती काढून मुरूम भरण्यास मी बजावले होते आणि त्याचे पैसेही दिले होते. त्याने मात्र मातीवरच गिट्टी पसरून स्लीपर ठेवले. पाऊस लागताच जमीन फुगली, वळणावर एक रूळ उचलला गेला आणि रिकामी गाडी चाचणीतच घसरली. दोष इंजिनाचा आहे, असे तो गावभर सांगत राहिला. मिस्त्रीकाकांनी गेजपट्टी लावली आणि म्हणाले, "भाऊ, इंजिन बरोबर आहे, खाली खोदून पाहा." दीड फूट खोदले तरी मुरुमाचा एक खडा सापडला नाही. पैसे परत मिळाले नाहीत, उलट आमच्याच रुळांचे छायाचित्र तो पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवत असे, हे मी आजही विसरलेलो नाही. संपूर्ण मार्ग उखडून, मुरुमाचे थर पाणी मारून दाबून आणि दोन्ही बाजूंनी चर काढून आम्ही तो नव्याने घातला. त्या कर्जाचे हप्ते पुढे कित्येक वर्षे फेडले.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

या कामात उतरणाऱ्यांना दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली पाण्याची. आमच्या विहिरीचे पाणी जड, म्हणजे क्षारांचे आहे. त्याची खपली बॉयलरच्या नळ्यांवर बसली की कोळसा जास्त लागतो आणि धातू तापून कमकुवत होतो. म्हणून कोठ्यावर कवेलूंऐवजी टिन टाकून आम्ही पावसाचे पाणी टाक्यात साठवतो आणि बॉयलरमध्ये तेच घालतो. दुसरी चाचणीची. 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचे बॉयलर 1923 च्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेले होते आणि आमचा बॉयलर त्याहून लहान आहे. तरीही पहिला विस्तव घालण्यापूर्वी कार्यदाबाच्या दुप्पट दाबाने थंड पाण्याची चाचणी घेतल्याशिवाय मी त्याला हात लावला नाही. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाणीकाचेत पाणी दिसत नसेल, तर प्रवासी कितीही खोळंबले तरी आमच्याकडे आधी विस्तव काढला जातो.