टीव्ही नंतर, आधी हात

हायब्रिड कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडूनही आणि हातात धरूनही गेम खेळता येणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या आमच्या कट्ट्यावर पोरं लगेच ग्राफिक्सवर येतात. मला ते पटत नाही. टीव्हीला जोडल्यावर कुठलंही यंत्र चांगलंच दिसतं. त्याचा खरा कस लागतो तो पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये.

तिथं सगळ्यात आधी लागतं ते स्लीपचं बटण. कुर्डुवाडीला कुणी तरी "जरा सरकता का?" म्हणतं. बटण दाबायचं, सरकायचं, आणि जागा झाली की गेम थांबला होता तिथूनच पुढं. निन्टेंडो कंपनीचा स्विच हा असाच कन्सोल, तो २०१७ पासून हे चोख करतो. हातातलं यंत्र म्हणून तो चालला, त्यात मारिओइतकाच या बटणाचा वाटा आहे असं मी मानतो.

मग बॅटरी. पहिल्या स्विचची अडीच ते साडेसहा तास चालायची. जड गेम लावला तर पुणं यायच्या आत संपणार. २०१९ मध्ये कमी वीज खाणारी चिप आली आणि तीच बॅटरी साडेचार ते नऊ तास पुरू लागली. पडदा तोच, ताकद तीच, तरी माझ्यासाठी यंत्र बदललं. निन्टेंडोच्याच १९८९ च्या गेम बॉय या हातातल्या यंत्राचंही हेच. रंग नाहीत, पडद्यामागं उजेड नाही, पण चार सेलवर तो सेगा कंपनीच्या रंगीत गेम गिअरपेक्षा कितीतरी जास्त चालायचा, आणि लोकांनी त्यालाच उचललं.

उन्हाचं मात्र कुणी बोलत नाही. स्विच वापरायला ५ ते ३५ अंश तापमान हवं, असं कंपनीच सांगते. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमधून, काढल्यावर चिप मुद्दाम सावकाश चालते, ते बरंच आहे. मला आणखी सावकाश चालली तरी चालेल, पण हाताला चटका नको.

अक्षरांकडंही गेम बनवणाऱ्यांनी बघायला हवं. मोठ्या टीव्हीसाठी लिहिलेला मजकूर सहा इंची पडद्यावर, हलत्या डब्यात वाचताना डोळे दुखतात. अक्षर मोठं करायची सोय प्रत्येक गेममध्ये हवीच.

स्विच २ चा पडदा ७.९ इंची आहे, पण जॉय-कॉनसकट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कंट्रोलरसकट, वजन ५३४ ग्रॅम. स्विच लाइट हा छोटा स्विच फक्त २७५ ग्रॅमचा, पण तो टीव्हीला जोडता येत नाही. मला लाइटच्या वजनाचा, टीव्हीला जोडता येणारा स्विच हवाय. त्यासाठी पडदा लहान राहिला तरी मी आनंदानं घेईन.