तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसांचा वायरलेस लोकांनी का ऐकायचा?

सुट्टीत भारतात आले की कुणीतरी विचारतंच, “तुमच्या अमेरिकेत पोलिसांचा वायरलेस घरबसल्या ऐकता येतो म्हणे. आता तो लोकांसाठी बंद करतायत तर तुम्हाला एवढं वाईट का वाटतं? चोरही ऐकत असतीलच की!”

चोर ऐकू शकतात, हे खरंच. म्हणून छापा किंवा पाळत असेल तर वेगळं, बंद चॅनेल वापरता येतं, त्याला माझी हरकत नाही. मी बोलतेय ती रोजच्या चॅनेलबद्दल, जिथून गस्तीच्या गाड्यांना कामं सांगतात.

माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर बरीच वर्षं स्कॅनर, म्हणजे असा वायरलेस पकडून ऐकवणारा छोटा रेडिओ, आहे. कंट्रोल रूममधली बाई पत्ता दोनदा सांगायची, अगदी संथपणे, मग गाडीचा नंबर, शेवटी वेळ. एकदा मध्यरात्री गल्लीच्या तोंडाशी चार गाड्या येऊन थांबल्या. स्कॅनरवर कळलं, गॅस गळतोय, पलीकडची घरं रिकामी करतायत. शेजारच्या आजींना मी तेव्हाच उठवलं. दार वाजलं ते नंतर.

आता स्कॅनरच्या पडद्यावर पोलिसांच्या चॅनेलचा आकडा उमटतो, पण आवाज येत नाही.

लोकांच्या खासगीपणाचा मुद्दा मला मनापासून पटतो. कुणाचं नाव, जन्मतारीख, घरातलं आजारपण असं सगळ्यांदेखत ऐकताना मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२० मध्ये पोलिसांना सांगितलं ते याचसाठी: रेडिओ एन्क्रिप्ट करा, म्हणजे बाहेरच्या कुणाला ऐकू येणार नाही असा सांकेतिक करा, नाहीतर अशी माहिती उघड्यावर बोलू नका. तिथल्याच पालो आल्टो शहराच्या पोलिसांनी २०२१ च्या जानेवारीत लोकांसाठी सगळंच बंद केलं. पण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मुख्य चॅनेल पुन्हा खुलं केलं आणि खासगी तपशील फोनवर किंवा गाडीतल्या कॉम्प्युटरवर पाठवायला सुरुवात केली. म्हणजे जमतं. करायचं मनात हवं.

शिकागोने लोकांसाठी अर्ध्या तासाच्या उशिराने ऐकवायचा मार्ग काढला. गॅस गळत असताना अर्ध्या तासाने कळून काय उपयोग? न्यूयॉर्कने तर नव्या यंत्रणेसाठी सुमारे ३९ कोटी डॉलरचा खर्च धरला आणि २०२३ पासून शहराच्या ब्रुकलिन भागातली चॅनेल लोकांसाठी बंद व्हायला लागली.

माझी खरी तळमळ मात्र वेगळी आहे. गोळी चालली, कुणी कोठडीत मेलं, तर पोलिसांचं निवेदन काही तासांनी येतं, शब्द निवडून. रेडिओवरचं बोलणं त्याच्या आधीचं असतं. मदत कधी मागितली, रुग्णवाहिका कधी बोलावली, हे ज्या क्षणी घडलं त्याच क्षणी बाहेरच्या कुणीतरी ऐकलेलं असतं. बातमीदार त्याच आवाजावर धावत घटनास्थळी पोचायचे. आता पोलिसांनी सांगेपर्यंत त्यांनाही पत्ता नसतो. रेकॉर्डिंग नंतर अर्ज करून मागता येतं, पण काय घडलंय हेच ठाऊक नसेल तर मागणार काय?

स्कॅनर मी फळीवरून काढलेला नाही. आमच्याकडे अग्निशमन दल अजून उघड्यावर बोलतं, तेवढं ऐकते.