आमची वाटचाल : गिटारचा हम घालवायला निघालो होतो

स्टुडिओ चालू केला 2015 ला. मी आणि कॉलेजचा मित्र, नारायण पेठेत भाड्याची खोली, एक सेकंडहँड सिंगल कॉइल गिटार (विजेची गुणगुण पटकन पकडणारी), आवाज परत परत ऐकवणारं एक डिले पेडल आणि भिंतींना जुन्या गाद्या. जिंगल्स करायच्या असं ठरलेलं. पण वायरिंग जुनं, अर्थिंगचा पत्ता नाही, अँप लावला की घूंऽऽ असा हम, तीन महिने तो घालवायच्याच मागे होतो. एका रात्री मित्र म्हणाला, अरे हा तर सुरात आहे! आपली वीज 50 हर्ट्झची, दुप्पट केली की 100, म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात, आणि सगळ्यात जाड तारेवर थर्ड फ्रेटचा जी हा स्वर येतो 98 ला. म्हणजे जरासाच कमी. मग आख्खी गिटार वर चढवून हमशी जुळवली, तानपुऱ्याशी जुळवतात तशी, आणि पहाटेपर्यंत वाजवत बसलो.

ते रेकॉर्डिंग पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेतल्या एका एकांकिकेत गेलं आणि तिथूनच नाटकवाले यायला लागले. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी 1972 मध्ये दोन टेप मशीनमधून एकच टेप फिरवून गिटारचे थरावर थर चढवले होते, आम्ही ते लॅपटॉपवर करतो, फक्त दर फेरीला वरच्या पट्टीचा आवाज थोडा कापतो म्हणजे टेपसारखा मऊ होत जातो. ईबो, म्हणजे तारेवर धरायचं बॅटरीवरचं छोटं यंत्र, धरला की तार न छेडता वाजत राहते, स्वर तुटतच नाही. बॅटरीवरचा छोटा पंखा गिटारच्या पिकअपजवळ (तारांची थरथर पकडणारा भाग) नेऊन बघा, मोटर अक्षरशः गाते!

पहिल्या प्रयोगात मात्र आमच्या आवाजाखाली नटांचे शब्दच बुडाले. फार वाईट वाटलं. व्यंजनं कानाला कळतात ती साधारण 2 ते 4 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आता तेवढी जागा आम्ही मोकळी सोडतो आणि तालमीला बसल्याशिवाय एक स्वरही लावत नाही. एका डॉक्युमेंटरीचे पैसे बुडाले, तेव्हापासून अर्धे आधी घेतो.

लॉकडाऊननंतर भाडं झेपेना म्हणून ती खोली सोडली. निघायच्या आदल्या रात्री गिटार अँपला लावून तासभर नुसता हम रेकॉर्ड करून घेतला. नव्या जागेत अर्थिंग एकदम चोख आहे, हम अजिबात येत नाही, त्यामुळे कुठलंही काम हातात घेतलं की आधी ती फाइल लावतो आणि गिटार तिच्याशी जुळवून घेतो.