भूत झाका, प्रेक्षक दाखवा

भयपटाच्या ट्रेलरमध्ये भूत स्पष्ट दिसलं, की ज्यासाठी लोक तिकीट काढणार होते ते फुकटात वाटून झालं. आपल्याकडे हे सर्रास होतं. मेकअपवर खर्च केलेला असतो, तो दाखवल्याशिवाय निर्मात्याला चैन पडत नाही. म्हणून २००९ सालच्या एका मोहिमेकडे जरा बारकाईने बघू.

दिग्दर्शक ओरेन पेली यांनी अमेरिकेत, सॅन दिएगोमधल्या स्वतःच्या घरात साधारण १५ हजार डॉलरमध्ये 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' केला. नावाजलेले नट नाहीत, डोळ्यांना दिसेल असं भूत नाही. बेडरूममध्ये लावलेला कॅमेरा, झोपलेलं जोडपं आणि आपोआप हलणारं दार. एवढ्यावर नेहमीसारखा ट्रेलर कापला तर तो मिळमिळीतच होणार. मग तो प्रदर्शित करणाऱ्या पॅरामाउंट स्टुडिओने कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवला. थिएटरबाहेर लागलेली रांग, आत मालवणारे दिवे, आणि मग अंधारातही टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खुर्च्या. कुणी तोंडावर हात दाबलाय, कुणी शेजारच्याच्या खांद्यात डोकं खुपसलंय, आणि एका क्षणी सगळे एकदम दचकून मागे जातात. मधेमधे चित्रपटाचे तुकडे येतात, पण लक्षात राहतात ते चेहरे.

हे चालण्याचं कारण प्रेक्षकवर्गात आहे. भयपटाचा हुकमी प्रेक्षक म्हणजे कॉलेजच्या वयाची मुलं-मुली, आणि ती टोळक्याने येतात. त्या टोळक्यात एक जण बेत ठरवतो आणि सगळ्यात भित्र्याला ओढत नेतो. त्या ट्रेलरने विकली ती कथा नव्हे, मित्रांबरोबर ओरडायची संध्याकाळ.

प्रदर्शनही त्याच हिशेबाने केलं. २५ सप्टेंबर २००९ ला सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या १३ कॉलेज-गावांत, मध्यरात्रीच्या खेळांनी. बाकीच्यांसाठी वेबसाइटवर एक बटण: 'आमच्या गावात आणा'. दहा लाख मागण्या आल्या तर देशभर लावू, असं जाहीर केलं होतं. आकडा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच गाठला आणि चित्रपट देशभर पसरला. जगभरातली कमाई १९ कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्या बटणातून कुठल्या गावात किती मागणी आहे हे कळत होतं, म्हणजे पडदे कुठे वाढवायचे याचा अंदाज घरबसल्या मिळत होता. शिवाय ज्याने बटण दाबलं, त्याने चार मित्रांनाही दाबायला लावलं. नक्कल करणाऱ्यांची चूक इथेच होते: मागणी गोळा करतात आणि खेळ लावतात दोन महिन्यांनी. तोवर पोरांचा उत्साह संपलेला असतो.

त्याआधी दहा वर्षं, १९९९ मध्ये, 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने वेगळा रस्ता धरला होता. कलाकार 'बेपत्ता' असल्याची पत्रकं, खोट्या पुराव्यांनी भरलेली वेबसाइट, टीव्हीवर खऱ्यासारखा माहितीपट. सुरुवात २७ थिएटरांत आणि जगभरात कमाई जवळजवळ २५ कोटी डॉलर. मार्केटिंगच्या वर्गात याचं फार कौतुक होतं, मला ते पटत नाही. खोटं टिकावं म्हणून कलाकारांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. त्यातली नटी हेदर डोनाह्यू हिच्या आईला तर सांत्वनाची पत्रं आली. गोष्ट खरी वाटायला लावणं वेगळं आणि जिवंत माणसाला मेलेलं ठरवणं वेगळं.

चुकीचा माल विकण्याची किंमतही मोजावी लागते. अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. २०१७ च्या 'इट कम्स अ‍ॅट नाइट'ला 'डी' ही खालची श्रेणी मिळाली. नावाने आणि ट्रेलरने वचन दिलं रात्री येणाऱ्या कशाचं तरी. चित्रपट होता साथीच्या काळात एका घरात वाढत जाणाऱ्या संशयाचा. चित्रपट चांगला आहे. पण राक्षस बघायला आलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटलं, आणि तो बाहेर पडून तेच सांगणार.

आपल्याकडे पैजेची युक्ती जुनी. 'फूंक'च्या वेळी, २००८ मध्ये, रामगोपाल वर्मांनी थिएटरात एकट्याने चित्रपट बघणाऱ्याला पाच लाखांचं आव्हान दिलं होतं. १९५८ मध्ये अमेरिकेतले भयपटांचे निर्माते विल्यम कॅसल यांनी भीतीने मरणाऱ्या प्रेक्षकासाठी हजार डॉलरचा विमा काढला होता, त्याच जातीची ही कल्पना. बातमी मिळते, पण ती पैजेची. चित्रपट कसा आहे हे त्यातून कळत नाही. उलट 'तुंबाड' २०१८ मध्ये पहिल्यांदा लागला तेव्हा जेमतेम चालला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावल्यावर आधीपेक्षा जास्त कमावून गेला. मधल्या सहा वर्षांत प्रेक्षकांनीच एकमेकांना सांगितलं होतं.

छोट्या मराठी भयपटाला प्रेक्षकांच्या चेहऱ्यांचा मार्ग परवडण्यासारखा आहे. एक खेळ, शंभरेक कॉलेजची मुलं, पडद्याच्या पायथ्याशी प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन कॅमेरे. कॅमेरा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणारा हवा. साध्या कॅमेऱ्यात ते अडवणारी काच असते. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे इन्फ्रारेड दिवे अंधारात फिकट लाल दिसतात आणि लोक तिकडेच बघत बसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड कॅमेऱ्याला कमी मिळतो, म्हणून दिवे जास्त लावावे लागतात. दारावर सूचना लावा, प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि 'जोरात ओरडा' असं कुणालाही सांगू नका. खोटं ओरडणं लगेच कळतं.

प्रेक्षकांचं हे चित्रीकरण चित्रपटाच्या पहिल्या फ्रेमशी जुळवून ठेवलं, की सगळे कुठे दचकले ते सेकंदासकट सापडतं. ट्रेलरमध्ये तो क्षण घालू नका. त्याच्या आधीचे दहा सेकंद घाला, आणि लगेच प्रेक्षकांचे चेहरे. बाकीची दृश्यं चित्रपटाच्या पहिल्या एक-तृतीयांशातूनच उचला.

आवाज मात्र फोनवर तपासा. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर छाती हादरवणारी खालची घरघर फोनच्या इवल्या स्पीकरमधून जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि ट्रेलर तर फोनवरच बघितला जाणार. तिथे नखाचं खरवडणं, कडी सरकणं, श्वास हे आवाज पोचतात. थिएटरसाठी वेगळं मिक्सिंग करा. त्या ट्रेलरलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं हे संकलनाच्या आधीच डोक्यात असू द्या: रक्तामुळे 'ए' मिळालं, तर कौटुंबिक चित्रपटाच्या आधी तो लावता येत नाही, आणि मराठी थिएटरातली गर्दी बहुतेक तिथेच बसलेली असते.