तीन दांड्यांची जीप आणि आड्याचा सडा

दापोलीहून हर्णै, आंजर्लं, आडे करत केळशीला जाणारा रस्ता लोक समुद्रासाठी करतात. या मे महिन्यात मी तो एका जीपसाठी केला. हर्णैचा मासळीचा लिलाव आणि सुवर्णदुर्ग यांवर पुष्कळांनी लिहिलंय, त्यामुळे मी थेट आड्याला येते. गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, माझ्या मामाची हापूसची कलमं आहेत. तिथून आंबा खाली आणायचा तर मामाच्या जुन्या महिंद्रा सीजे-थ्रीबी जीपशिवाय पर्याय नाही.

गाडी खळ्याच्या कडेला उभी होती. वरचं कापडी हूड काढून ठेवलेलं, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडलेली, फाळका उघडा. या मॉडेलचं बॉनेट बघणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरतं, कारण ते उगाचच उंच वाटतं. त्यामागे कारण आहे. १९५३ साली विलीस या मूळ अमेरिकी कंपनीने या गाडीत नवं हरिकेन इंजिन घातलं. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. इंजिन मावावं म्हणून बॉनेट उचललं, रूपाचा विचार कुणी केलाच नाही. मला ही गाडी देखणी वाटते ती यामुळेच. मामाच्या गाडीत आता डिझेल इंजिन आहे, पण बॉनेट तेच.

या गाडीचं मूळ युद्धातलं. १९४० साली अमेरिकी सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती, आणि पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरकडून आराखडा करून घेतला आणि सप्टेंबरमध्ये नमुना मुदतीत पोचवला. पण हजारोंनी गाड्या काढण्याचं बळ तिच्यात नव्हतं. मोठं कंत्राट विलीसला गेलं. विलीसच्या गाडीचं ६० अश्वशक्तीचं इंजिन सगळ्यांत दमदार होतं. पुढे फोर्डनेही तशाच गाड्या बनवल्या आणि युद्ध संपेपर्यंत आकडा सहा लाखांवर गेला. बँटमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागचे ट्रेलर बनवण्याचं काम आलं. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

युद्ध संपताच, १९४५ साली, विलीसने नागरिकांसाठी सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप, ही मालिका काढली. ती विकायची होती शेतकऱ्यांना. नांगर ओढणारी, पंप चालवणारी गाडी म्हणून तिची जाहिरात व्हायची. त्याच वर्षी इकडे महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलीसचे सुटे भाग मुंबईत जोडून सुरू झालेली जीप नंतर इथेच घडू लागली. अमेरिकेत सीजे-थ्रीबी १९६८ साली बंद पडली. आपल्याकडे मात्र पुढेही कित्येक वर्षं बनत राहिली.

मामाने किल्ली माझ्या हातात दिली. "तू घे गो गाडी. डांबर संपलं की सांगतो."

आत तीन दांडे आहेत. एक नेहमीच्या गिअरचा. दुसरा पुढच्या चाकांना जोर देणारा, तिसरा हाय-लोचा, म्हणजे वेग हवा की जोर ते ठरवणारा. गडग्यांमधली पाणंद लागली तसा मामा म्हणाला, "थांब. आता पुढची चाकं लाव, मग लो टाक." हे डांबरावर करायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि दोन्ही आस एकमेकांना घट्ट जोडलेले असताना तो फरक जिरायला जागा नसते, मग गाडी आखडते. जांभ्याच्या सुट्या मुरमावर चाक जरासं घसरतं आणि ताण सुटतो. लोमध्ये जोर जवळजवळ अडीच पट होतो. चढावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून बघितला, तरी गाडी पायरीसारख्या चिऱ्यांवरून एकेक चाक चढवत माणसाच्या चालीने वर जात राहिली. स्प्रिंगच्या पाट्यांचा कुरकुर आवाज, लाल धूळ, आणि स्टिअरिंगमधून हातात येणारा प्रत्येक दगड! हे सुख मला आजवर कोणत्याच एसी गाडीत मिळालेलं नाही.

वर गडी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवत होते. क्रेट भरून निघालो तेव्हा मामा स्वतः चाकावर बसला. उतारावर त्याने ब्रेकला पायच लावला नाही. लो, पहिला गिअर, आणि सगळा भार इंजिनावर. ब्रेक ड्रमचे आहेत, सतत दाबले तर तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत.

संध्याकाळी केळशीला गेलो. पुळणीवर मोठ्या गाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. मामाची जीप सुरूच्या बनाबाहेरच थांबली, ती कधीच वाळूत उतरत नाही. एक तर खारं पाणी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, खातं. दुसरं, या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं अशा चाकोऱ्यांत अडकून पडतात. जाहिरातीतली जीप नेहमी लाटांतून पाणी उडवत जाते. मला ते चित्र अजिबात आवडत नाही. कोकणात तिची जागा सड्यावर आहे, जिथे दुसरं काही पोचत नाही.

मामेभावाने नवी थार घेतलीय. तीही मी चालवली. गाडी उत्तम आहे, लांबच्या प्रवासाला मी तीच घेईन. जुनी विकत मागायला मुंबईहून माणसं येतात, चांगला भाव देतात. मामा त्यांना सरबत पाजतो आणि परत पाठवतो. पावसाआधी त्याला पाटे उतरवून साफ करायचेत आणि चासीला खालून ऑइल मारायचंय, त्यासाठी दापोलीचा मेकॅनिक सांगून ठेवलाय.