डाव्या आरशातली गाडी खरी किती जवळ असते?

साइड मिररच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत ओळ असते, ‘ऑब्जेक्ट्स इन मिरर आर क्लोजर दॅन दे अपिअर’. म्हणजे आरशात वस्तू दिसते त्यापेक्षा खरी जवळ असते. पण किती जवळ, हे ती ओळ सांगत नाही. डाव्या आणि उजव्या आरशातला फसवा फरक सारखा नसतो, हेही ती सांगत नाही. गाडी चालवताना उपयोग या दोनच गोष्टींचा आहे.

आरसा बाहेरच्या बाजूने किंचित फुगीर, म्हणजे बहिर्वक्र असतो. त्यामुळे मागचा रस्ता जास्त रुंद दिसतो, आणि तेवढ्याच प्रमाणात सगळं लहान होतं. युरोपच्या नियमात बाजूच्या मुख्य आरशाची वक्रता त्रिज्या, म्हणजे काच ज्या मोठ्या गोळ्याचा तुकडा मानता येईल त्या गोळ्याची त्रिज्या, किमान १२०० मिमी लागते; ती जितकी कमी, तितकी काच जास्त फुगीर. तोच आकडा धरून हिशोब करू. मागे २० मीटरवर रिक्षा आहे. तिची प्रतिमा काचेच्या मागे जेमतेम ५८ सेंमीवर पडते आणि आकाराने खऱ्या रिक्षाच्या ३ टक्क्यांहूनही कमी भरते. उजवा आरसा डोळ्यांपासून साधारण ७० सेंमीवर, डावा १३० सेंमीवर. तीच इवली प्रतिमा डावीकडे आणखी लांबून पाहावी लागते. म्हणून उजव्या आरशात ती रिक्षा सुमारे ४४ मीटरवर असल्यासारखी वाटते, तर डाव्यात ६० मीटरच्याही पलीकडे. काच तीच, रिक्षाही तिथेच; बदललं ते फक्त डोळ्यांपासूनचं अंतर. मागच्या वाहनाचं अंतर मेंदू त्याच्या आकारावरून ठरवतो, त्यामुळे सावध माणूसही इथे फसतो.

हा फरक वेळेत मोजला की धोका नीट कळतो. मागची गाडी तुमच्यापेक्षा ताशी ३० किमीने जास्त वेगात असेल, तर २० मीटर ती अडीच सेकंदांच्या आत कापते. डावा आरसा पाहून तुम्हाला वाटतं, सात सेकंद आहेत. आपल्याकडे द्रुतगती मार्गावर ट्रक उजव्या लेनमध्ये रेंगाळतात आणि गाड्या डावीकडून पुढे काढतात. शहरात तर डावीकडून दुचाक्यांची रांगच असते. म्हणून डावीकडे वळताना अंतर ठरवायचं ते आतल्या आरशावरून. तो सपाट असतो, अंतर खरं दाखवतो. डाव्या आरशाला एवढंच विचारायचं, तिथे कुणी आहे का? आतल्या आरशात न मावणारं वाहन डाव्यात दिसत असेल, तर ते अगदी बाजूला आलेलं आहे. तेव्हा वळायचं नाही.

अमेरिकेत चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच लागतो. प्रवाशाच्या बाजूचा फुगीर चालतो, पण त्रिज्या ८८९ ते १६५१ मिमीच्या मध्ये हवी आणि हीच इशाऱ्याची ओळ ४.८ ते ६.४ मिमी उंचीच्या अक्षरांत हवी. तिथे ती उजव्या आरशावर येते. आपल्याकडे सहसा दोन्ही आरसे फुगीर असतात. एकाच आरशावर ओळ दिसली म्हणून दुसरा सपाट आहे, असं धरून चालू नका.

आपला आरसा किती फुगीर आहे, हे १५ सेंमीच्या स्टीलच्या पट्टीने घरी तपासता येतं. पट्टी काचेवर आडवी, मध्यावर टेकवून धरा. त्रिज्या १२०० मिमी असेल तर दोन्ही टोकांशी सव्वादोन मिमीच्या आसपास फट राहते. फट नाही, म्हणजे काच सपाट. काही आरशांत बाहेरच्या कडेला उभी तुटक रेघ असते. त्या पलीकडचा भाग जास्त वाकवलेला असतो, तिथे मोजू नका.

ही तपासणी काच बदलल्यावर नक्की करा. दुकानात झटपट काम म्हणून साधी सपाट काच कापून चिकटवली जाते. ती स्वस्त पडते आणि लगेच मिळते. पण डावीकडची लेन निम्मीअधिक दिसेनाशी होते, इशाऱ्याची ओळही जाते. उलट, जास्त फुगीर काच बसली तर वाहनं आणखी लांब वाटतात. मागच्या प्लेटसकट मिळणारी, त्याच मॉडेलची काच घ्यावी. नुसत्या दुहेरी टेपवर बसवलेली काच उन्हाने सैल होते, आणि वेग वाढला की थरथरते. थरथरत्या काचेत दुचाकीचा दिवा कुठला हे कळतच नाही. प्लेट काढताना हातमोजे घाला, काच एका कडेला आत दाबून दुसऱ्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीने उचका. हीटरवाला आरसा असेल तर मागच्या दोन वायर आधी सोडवा; तशीच ओढली तर पिना तुटतात.

आरसे लावायचे ते सीट लावून झाल्यावर. सीट चार बोटं पुढे-मागे झाली तरी सगळं बदलतं. क्षितिज काचेच्या मध्यावर आणा. मग उजव्यासाठी डोकं खिडकीला टेकवा आणि आपल्या गाडीची बाजू जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर फिरवा. डाव्यासाठी डोकं गाडीच्या मध्यापर्यंत न्या आणि तसंच करा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसणार नाही. ती जागा शेजारच्या लेनला मिळालेली असते. हायवेला हे उत्तम. शहरात मात्र डाव्या आरशात आपल्या गाडीची बोटभर कड दिसू द्या, कारण दुचाकी दरवाजाला घासून येते आणि कडेशिवाय ती किती अंतरावर आहे याचा अंदाज येत नाही.

कोपऱ्यात चिकटवायचे छोटे गोल आरसे घ्यायला हरकत नाही. पण ते मुख्य काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगीर असतात. त्यात ट्रकसुद्धा मुंगीएवढा दिसतो. जागा रिकामी आहे की नाही, यापलीकडे त्यांना काही विचारू नका. आणि चिकटवताना बाहेरची वरची कडच निवडा, खालची नको. पार्किंग करताना मागचं चाक आणि फुटपाथ तिथेच दिसतात.