लिबपीकॅपची नोंद : गप्प बसलेला प्रोग्राम

लिबपीकॅप ही नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडायची लायब्ररी. ती वापरून लिहिलेला माझा कॅप्चरचा प्रोग्राम रात्रभर चालतो. मे महिन्यात नागपुरात लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायचा तर त्यालाही कूलरसमोर जागा द्यावी लागते. मंगळवारी रात्री कूलरमध्ये पाणी भरताना पाइप टेबलावरून ओढला गेला आणि नेटवर्कची वायर जोडायचं यूएसबी-इथरनेटचं डोंगल निघालं. मला कळलंच नाही. सकाळी पाहतो तर प्रोग्राम चालू, पण कॅप्चरची फाइल साडेअकरालाच थांबलेली. टर्मिनलवर एक अक्षर नाही.

चूक माझ्या लूपमध्ये होती. मी पीकॅप_नेक्स्ट हे पुढचं पॅकेट देणारं फंक्शन वापरत होतो आणि नल, म्हणजे रिकामं उत्तर, आलं की पुढच्या फेरीला जात होतो. टाइमआउट झाला, म्हणजे थांबायची ठरलेली वेळ संपली, तरी ते फंक्शन नल देतं, फिल्टरमधून काही पार झालं नाही तरी नल, आणि एरर आली तरी नलच. प्रतापनगरचा मित्र कोड पाहून म्हणाला, "अबे, नेक्स्ट कायले वापरून राहिला? त्याच्यात एरर समजतच नाही." बरोबर होतं त्याचं.

आता पीकॅप_नेक्स्ट_ईएक्स आहे. 1 म्हणजे पॅकेट मिळालं, 0 म्हणजे सध्या काही नाही, -1 म्हणजे एरर, आणि -2 म्हणजे साठवलेली फाइल संपली. काल मुद्दाम दोन गोष्टी करून पाहिल्या. स्विचमधली वायर काढली, तर नुसतीच शांतता, एरर नाही. इंटरफेस, म्हणजे सिस्टीमला दिसणारं नेटवर्कचं डिव्हाइस, जागेवरच असतो, पॅकेट तेवढी येत नाहीत. मग डोंगलच उपटलं, तर लगेच -1, आणि पीकॅप_गेटएररनं इंटरफेस नाहीसा झाल्याचं सांगितलं. आठवडाभर या दोन्ही गोष्टी मला एकसारख्याच दिसत होत्या.

एक सांगून ठेवतो, टाइमआउटवर विसंबू नका. काही सिस्टीमवर पहिलं पॅकेट येईपर्यंत तो मोजायलाच सुरुवात होत नाही. म्हणून मी पीकॅप_सेटनॉनब्लॉक करून, म्हणजे पॅकेट नसेल तर वाट न पाहता परत यायला सांगून, स्वतःच 1 सेकंदाचा पोल लावलाय.

डोंगल परत आलं की हँडल, म्हणजे कॅप्चरसाठी उघडलेली जोडणी, नव्यानं उघडायचं, हा पुढचा भाग. इथे ते सुरू करणाऱ्या पीकॅप_ॲक्टिव्हेटनं दोन तास खाल्ले. मी 'शून्य नाही म्हणजे फसलं' असं धरलं होतं. प्रत्यक्षात ऋण आकडा म्हणजे एरर आणि धन आकडा म्हणजे फक्त इशारा. हँडल सुरू झालेलं असतं. लिनक्सवर 'एनी' डिव्हाइस (सगळे इंटरफेस एकत्र) प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये, म्हणजे दुसऱ्यांसाठीची पॅकेटही घेणाऱ्या मोडमध्ये, मागितलं तर 2 परत येतो. तो मोड तिथे चालत नाही, पण कॅप्चर व्यवस्थित चालतं. मी मात्र दर वेळी ते चालू हँडल बंद करून बाहेर पडत होतो.

आता आकडा पाहून ठरवतो. -5, म्हणजे असं डिव्हाइसच नाही, आणि -9, म्हणजे इंटरफेस अप नाही, या दोन्हींत पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न. -8 म्हणजे परवानगी नाही, तिथे सरळ थांबायचं. हा -8 मला बिल्ड केल्यावर दर वेळी दिसायचा, कारण सेटकॅप या कमांडनं प्रोग्रामच्या फाइलला दिलेली परवानगी जुन्या बायनरीबरोबरच जाते. म्हणून बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या मेकफाइलमध्येच सेटकॅपची ओळ टाकली.

आणखी एक, कारण हे शोधायला फार अवघड गेलं: ॲक्टिव्हेट फसलं तरी हँडल आपणच पीकॅप_क्लोजनं बंद करायचं असतं, पण त्याआधी गेटएररचा मजकूर छापून किंवा कॉपी करून घ्या. तो हँडलच्याच मेमरीत असतो. मी आधी क्लोज करत होतो आणि लॉगमध्ये अर्धवट कचरा उमटत होता.

काल रात्री पाणी भरण्याआधी डोंगल हातानं काढलं, कूलर भरला, परत लावलं. लॉगमध्ये एक -1, मग चार वेळा -5, मग पॅकेट. आज पीकॅप_स्टॅट्समधले गळालेल्या पॅकेटचे आकडे दर मिनिटाला लिहायला घेतोय.